घराचें चित्रण घरींच ठेवावें

नांदेड व लातूर या शहरांतून आतां पुष्कळ घरांच्या व विद्यार्थि-वसतिगृहांच्या दारांवर पहाऱ्याचे कॅमेरे दिसूं लागले आहेत. चोरापासून रक्षण व्हावें हा हेतु स्तुत्यच होय. परंतु कॅमेरा जें जें टिपतो तें जाऊन राहतें कोठें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें चित्रण दोन ठिकाणीं सांठवितां येतें. एक, आपल्याच घरांतील रेकॉर्डर किंवा मेमरी कार्ड, दुसरें, ‘क्लाउड’. क्लाउड म्हणजे मेघ खरा, पण तो आकाशांत नसून कोण्या कंपनीच्या दूरच्या इमारतींतील यंत्रांत असतो. चोरानें घरांतील यंत्र उचलून नेलें तरी तेथील चित्रण राहतें, हा त्याचा मोठा गुण. दोष हा कीं, आपलें घर परक्याच्या दृष्टीस पडूं शकतें. अमेरिकेंत रिंग कंपनीच्या नोकरांनीं ग्राहकांचें खाजगी चित्रण पाहिल्याचा आरोप तेथील सरकारी व्यापार आयोगानें २०२३ सालीं ठेविला, आणि ५८ लक्ष डॉलर देऊन कंपनीनें तें प्रकरण मिटविलें.

घरीं ठेवण्यास जागा किती लागते? एक कॅमेरा सेकंदास २ मेगाबिट चित्रण करीत असेल, तर दिवसाचे सुमारें २२ गिगाबाइट होतात. १ टेराबाइटच्या डिस्कवर एका कॅमेऱ्याचें दीड महिन्याचें, किंवा चार कॅमेऱ्यांचें सुमारें ११ दिवसांचें चित्रण मावतें. पुढें जुनें पुसून नवें लिहिलें जातें.

मात्र यंत्र घरांत आहे एवढ्यानें निश्चिंत होऊं नये. राजकोट येथील एका प्रसूतिगृहांत स्त्रियांच्या तपासणीचें झालेलें चित्रण इंटरनेटवर विकलें जात असल्याचें फेब्रुवारी २०२५ मध्यें उघडकीस आलें. गुजरातच्या पोलिसांनीं पकडलेल्या संशयितांत एक लातूरचा व एक सांगलीचा होता. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून दूरची नव्हे.

यास्तव चार गोष्टी पाळाव्या. कारखान्यानें दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा. गांवाहून मोबाइलवर पाहण्याची गरज नसेल, तर रेकॉर्डर इंटरनेटला जोडूंच नये. तो कुलुपबंद कपाटांत ठेवावा, व वीज जाते तेव्हांकरितां त्यास व कॅमेऱ्यांस बॅटरी असावी. आणि कॅमेऱ्याचें तोंड आपल्या दाराकडे असावें. शेजाऱ्याच्या अंगणाकडे किंवा निजण्याच्या खोलीकडे कदापि नसावें.

खाजगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें दिला. तो शेजाऱ्यास आहे, तसाच घरांतील मुलांसही आहे. ज्यांच्या घरीं असा कॅमेरा असेल, त्या विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत वडील मंडळींजवळ बसून तो पासवर्ड बदलून घ्यावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.