राजा, धर्म आणि आमच्या घरची किल्ली

शाळेत इतिहास शिकवीत असताना धड्यात चौदावा लुई आला, की मला बीड जिल्ह्यातल्या आमच्या अंबाजोगाईच्या घराची किल्ली आठवे. मुलांना वाटे, गुरुजी भरकटले. पण वाचकहो, विषय एकच होता.

१५९८ साली फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने नांतचा जाहीरनामा काढून प्रॉटेस्टंट प्रजेला अभय दिले. त्याचा नातू चौदावा लुई याला ते खपेना. राजा देवाचा प्रतिनिधी; मग त्याच्या राज्यात दुसरा पंथ कशाला? १६८५ मध्ये त्याने जाहीरनामा रद्द केला आणि सुमारे दोन लाख माणसे देशोधडीला लागली.

आमच्याकडे हा खेळ उशिरा रंगला. अंबाजोगाईचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद. राज्य सातव्या निजामाचे. प्रजा बहुसंख्य हिंदू, पण कारभारात तिला आवाज नाही. येथेच शाळेत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ स्टेट काँग्रेसच्या कामात उतरले. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. सरकारने १९३८ मध्ये संस्थेला जातीय ठरवले आणि ती रीतसर उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. हक्क मागणाऱ्याला धर्माचा शत्रू ठरवले, की उत्तर द्यावे लागत नाही!

उलट बाजूस इत्तेहादुल मुसलमीनने गरिबातल्या गरीब मुसलमानाला सांगितले, की खरा राजा तूच, निजाम हे तुझ्या सत्तेचे केवळ प्रतीक. या फुकटच्या राजेपणावर कासीम रझवीचे रझाकार पोसले गेले. त्यांना विरोध करणारा मुसलमानही चालत नसे. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला.

त्याच वर्षी आजोबा बायकामुलांसह हद्द ओलांडून बार्शीला गेले. जाताना आजीने किल्ली शेजारच्या शिंपीचाचांकडे दिली. "फिकर नक्को कर बेटी," एवढेच ते म्हणाले.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आजोबांनी बार्शीत पेढे वाटले. पण पुढच्या दिवसांत गावोगाव सूड उगवला गेला, आणि तो बहुधा निरपराध्यांवर. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने बीडचे नाव होरपळलेल्या जिल्ह्यांत घातले. संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहिला.

दिवाळीच्या तोंडावर आजी परतली. घर झाडलेले होते, तुळशीला पाणी होते. किल्ली घेऊन मात्र चाची आल्या. त्यांच्या हातांत बांगड्या नव्हत्या. आजीने काही विचारले नाही. आजोबा पुढे मुक्तिसंग्रामाच्या कथा रंगवून सांगत. चाचांचे नाव निघाले, की उठून अंगणात जात.

युरोपातले तीस वर्षांचे धर्मयुद्ध १६४८ च्या ऑक्टोबरात तहांनी थांबले. आमचे हे १९४८ चे. मध्ये तीनशे वर्षे गेली. पण सिंहासनाला धर्माचा टेकू दिला, की तो मोडताना शेजाऱ्याच्याच अंगावर पडतो, एवढे शहाणपण आम्हांला त्यांतून घेता आले नाही.

वाडा पडला, कुलूप गेले. किल्ली तेवढी माझ्याकडे आहे. लक्ष्मीपूजनाला आजी ती ताम्हनात ठेवी, मीही ठेवतो. नातवंडे विचारतात, "आजोबा, ही कशाची?" मग मी चौदाव्या लुईपासून सुरुवात करतो.