साक्ष कुणाची, खाते कोणते?

दलित स्त्रीचे आत्मकथन कोणत्या खात्यात मोडते? मराठीचा प्राध्यापक त्यात बोली शोधतो. समाजशास्त्राचा प्राध्यापक 'हे साहित्य आहे' म्हणून पुस्तक मिटतो. मुदखेडला राहून शिकवताना मीही ही वाटणी प्रमाण मानली. घरातला पहिला पदवीधर मी; आई दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपायला जायची. तिच्या बोलण्यात समाजशास्त्र आहे, हे मला शर्मिला रेगे यांच्या लेखनाने दाखवले.

रेगे (१९६४–२०१३) पुणे विद्यापीठात समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास शिकवीत. २००६ साली त्यांनी आठ दलित स्त्रियांच्या मराठी आत्मकथनांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. लॅटिन अमेरिकेतून आलेली 'टेस्टिमोनिओ' ही संज्ञा त्यांनी या लेखनाला लावली. टेस्टिमोनिओ म्हणजे साक्ष. प्रस्थापित आत्मचरित्रातला 'मी' एकट्याचा असतो; साक्षीतला 'मी' साऱ्या वस्तीचा. बेबी कांबळे यांनी नवऱ्यापासून वह्या लपवून लिहिले. 'जिणं आमुचं' (१९८६) या नावातच 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. त्यात गावाने केलेला छळ आहे, तसाच घरातल्या सुनेचा छळही आहे. ही साक्ष जातीविरुद्ध आहे आणि पुरुषसत्तेविरुद्धही. ती एकाच खात्यात मावेल कशी?

दलित स्त्रिया वेगळे बोलतात, असे गोपाळ गुरू यांनी १९९५ साली मांडले. १९९८ साली रेगे यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. नुसते वेगळेपण मान्य केले, की जातीचा प्रश्न एकट्या दलित स्त्रीवर सोपवून बाकीचे मोकळे होतात. म्हणून हवी ती भूमिका. दलित स्त्रीच्या जगण्यातून समाज पाहण्याची. रेगे स्वतः दलित नव्हत्या. ही भूमिका जन्माने मिळत नाही, अभ्यासाने आणि संघर्षाने कमवावी लागते, असे त्यांचे म्हणणे.

हे सवर्ण अभ्यासकांना उद्देशून आहे, असे समजून आपण पुरुषांनी खूश होऊ नये. मी दलित आहे म्हणून आईची साक्ष मला आपोआप कळत नाही. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. १९९४ साली नामविस्तार झाला. मोर्चाच्या आठवणी आपण पुरुषांकडून ऐकल्या. जळालेल्या घरात चूल पुन्हा कुणी मांडली, हे किती जणांनी घरात विचारले?

मी विचारले नव्हते. आता वर्गात पहिला स्वाध्याय तोच देतो : घरी जा, आईसमोर बसा, मधे न बोलता ऐका.