सर्व्हिसिंगचं बिल आणि अ‍ॅडव्हायझरचं टार्गेट

गाडी सर्व्हिसिंगला टाकायची म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो. तक्रारी सगळीकडे सारख्याच असतात. सांगितलेला आवाज गेला नाही, न सांगितलेली कामं बिलात आली, संध्याकाळी मिळणारी गाडी दोन दिवसांनी मिळाली. मग एखाद्या मेकॅनिकला नावं ठेवून आपण मोकळे होतो. मला हा राग चुकीच्या माणसावर निघतो असं वाटतं. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीला हात लावणारा माणूस आत असतो आणि ग्राहकाची गाठ पडते ती सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी. या अ‍ॅडव्हायझरला बऱ्याच ठिकाणी महिन्याचं टार्गेट असतं, बिल वाढलं की इन्सेन्टिव्ह वाढतो. गाडीला काय हवं हे सांगणारा आणि ते विकणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या सल्ल्यावर विसंबायचं तरी कसं?

याचा परिणाम जॉब कार्डवर दिसतो. ग्राहक सांगतो, सकाळी गाडी थंड असताना डावीकडे वळवली की पुढच्या चाकातून टकटक येते. कार्डावर उतरतं फक्त ‘सस्पेन्शन नॉइज, चेक’. थंड गाडी, वळण, डावी बाजू, निदानाला लागणारं सगळंच गळून जातं. दुपारी मेकॅनिक ट्रायल घेतो तेव्हा इंजिन गरम असतं, रस्ता सरळ असतो. आवाज येत नाही आणि कार्डावर ‘ओके’ पडतं. मेकॅनिकने कामचुकारपणा केलेला नसतो. त्याच्यापर्यंत तक्रार पोचलेलीच नसते. त्याच बिलात एसी डिसइन्फेक्टंट, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग अशा ओळी मात्र असतात. गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलमध्ये किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय करायचं याचा तक्ता असतो. तो बिलाशेजारी ठेवून पाहिला, तर यातली अनेक कामं तिथे सापडत नाहीत.

‘मग बाहेरच्या गॅरेजला जा’ हा सल्ला रास्त आहे, पण वाट मोकळी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत, बिघाड शोधण्याची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजला द्यायची नाही, असा व्यवहार आयोगाला आढळला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगाने बजावलं. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिलं आणि वाद वर गेला. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स इतकं आहे की कुणाच्याही हातात त्या देणं धोक्याचं आहे, हा कंपन्यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. चुकीच्या हातांनी उघडलेली एअरबॅग जीवावर बेतू शकते. पण त्यावरचा उपाय प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र हा आहे. ऑइल बदलण्यापासून क्लचपर्यंत सगळंच कुलूपबंद ठेवायला हे कारण पुरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की ग्राहक नाराज असेल तर कंपनी आहेच की. इथेही फट आहे. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११चं मॉडेल मागितलं आणि डीलरने त्याला ६२२ किलोमीटर चाललेली २००९ची गाडी दिली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, की डीलर हा कंपनीचा एजंट नसून स्वतंत्र व्यापारी असेल आणि त्याच्या कृत्याची कंपनीला माहिती असल्याचं सिद्ध झालं नसेल, तर त्या कृत्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येत नाही. दारावर पाटी कंपनीची, पण कायद्याने जबाबदारी डीलरची. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. पाटी पाहून विश्वास टाकणाऱ्या माणसावर मात्र तो अन्याय आहे, आणि डीलरशी करार करताना कंपन्यांनीच ही जबाबदारी स्वतःकडे घ्यायला हवी.

तोवर कागद हीच ग्राहकाची ताकद. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत, कधी आणि कुठे यासह लिहून घ्या आणि मगच सही करा. लेखी अंदाजपत्रकाशिवाय आणि तुमच्या संमतीशिवाय जादा काम नको, हे कार्डावरच नोंदवा. बदललेले जुने भाग परत मागा. पहिल्यांदा दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं झालं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि सेवेपोटी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क भरावं लागत नाही.