शॅनन ते सहार: करमाफीचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधन भरायला आयर्लंडच्या शॅननला उतरत आणि प्रवासी तिथे ताटकळत बसत. हा प्रवासी रीतसर आपल्या देशात आलेलाच नाही, तर त्याच्याकडून कर कसला घ्यायचा, या हिशेबाने ब्रेंडन ओ'रेगन यांनी १९४७ मध्ये तिथे जगातलं पहिलं विमानतळावरचं ड्यूटी फ्री दुकान थाटलं. गिऱ्हाईक परदेशी, पैसा परकीय चलनातला. देशाचा त्यात फायदाच होता.

शॅननच्याच अनुभवी मंडळींच्या मदतीने २० डिसेंबर १९८३ रोजी दुबई ड्यूटी फ्री सुरू झालं आणि हे दुकान आपल्या ओळखीचं झालं. आखातातून सुट्टीवर निघालेला रत्नागिरीचा माणूस मुंबईच्या सहार विमानतळावर उतरे तेव्हा सामानात अत्तर, टँग आणि सिगारेटचा कार्टन हमखास असे. स्कॉचची ओढ तर समजण्यासारखीच होती. तिच्यावरचं आपलं मूळ सीमाशुल्कच वर्षानुवर्षं १५० टक्के होतं, वर राज्याचे कर वेगळे.

युरोपीय संघाने १९९९ मध्ये सदस्य देशांमधल्या प्रवासापुरती ही सवलत बंद केली. आपल्याकडे मात्र करमाफ दारूची मर्यादा एका लिटरवरून दोनवर गेली. ड्यूटी फ्रीतल्या बऱ्याच बाटल्या लिटरच्या असतात, त्यामुळे दोन बाटल्यांत कोटा पुरा. बाहेरच्या दुकानातली बाटली बहुधा ७५० मिलीलिटरची, तेव्हा भाव ताडून पाहताना मापही बघावं.

तंबाखूचं उलट झालं. जुलै २०१४ मध्ये सिगारेटची मर्यादा २०० वरून १०० वर आली. कार्टन अजून २०० चाच येतो, म्हणजे एकट्याने एक घेतला तरी निम्म्यावर शुल्क लागतं. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, पण अर्धाच. एप्रिल २०१६ पासून सरकार पाकिटाच्या ८५ टक्के भागावर कॅन्सरचा इशारा छापायला लावतं आणि तीच वस्तू विमानतळावर करमाफीत आणू देतं. ज्या आजाराचे रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात रांगा लावतात, त्याच्या कारणावर सवलत कशासाठी? सिंगापूर तंबाखूवर अशी सवलत मुळीच देत नाही. आपणही उरलेल्या १०० सिगारेटची माफी काढून टाकावी.