बारशाआधीची नोंद

मराठी घरात बाळ जन्मले की बाराव्या दिवशी बारसे होते. पाळणा सजतो, बाळाच्या कानात नाव सांगितले जाते आणि त्या दिवसापासून ते मूल त्या नावाने ओळखले जाऊ लागते. परंतु बारशाचा दिवस उजाडण्याआधीच जे बाळ दगावते, त्याला नाव मिळत नाही. पुष्कळदा त्याची नोंदही होत नाही. जन्म आणि मृत्यू यांची नोंदणी १९६९च्या कायद्याने बंधनकारक केली आहे. तरीही दुर्गम गावात घरीच जन्मलेले आणि घरीच गेलेले बाळ सरकारी कागदांपुरते जन्मलेलेच नसते. अशा बाळांची संख्या कशी काढावी, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच संख्याशास्त्राचाही आहे.

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील बाळाला नवजात म्हणतात. या काळात त्याची रोगप्रतिकारशक्ती अपुरी असते. आईच्या जन्ममार्गातून, नाळेच्या ओल्या जखमेतून किंवा अस्वच्छ हातांतून जीवाणू शरीरात शिरतात आणि रक्तात, फुप्फुसांत किंवा मेंदूच्या आवरणात पसरतात. मोठ्या माणसाप्रमाणे नवजाताला अशा वेळी ताप येईलच असे नाही. उलट त्याचे अंग गार पडते. ते दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, हातपाय लुळे पडतात. वेळेवर प्रतिजैविक औषध मिळाले नाही, तर आजार झपाट्याने वाढून बाळ दगावू शकते.

किती बाळांना असा जंतुसंसर्ग होतो आणि त्यांपैकी किती दगावतात, या हिशेबाला 'रोगभार' असे नाव आहे. औषधांचा साठा किती करावा, कोणत्या जिल्ह्यात किती कर्मचारी नेमावेत, पैसा कोठे खर्च करावा, हे सारे या हिशेबावर ठरते. ज्या आजाराचा आकडा नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही.

वरवर पाहता हा हिशेब साधा अपूर्णांक वाटतो. आजारी बाळांची संख्या हा अंश आणि जन्मलेल्या सर्व बाळांची संख्या हा छेद. प्रत्यक्षात दोन्ही संख्या हाती लागत नाहीत. रुग्णालयातील नोंदवहीत रुग्णालयापर्यंत पोहोचलेलीच बाळे असतात. जे पोहोचले नाही, ते ना अंशात असते ना छेदात. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. पण ते शीत त्याच पातेल्यातले असावे लागते. शहरातील रुग्णालयाच्या पातेल्यातले शीत चाचपून जंगलातल्या गावाचा भात शिजला की नाही, हे सांगता येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावे निवडली. त्या भागात बहुतेक बाळंतपणे घरीच होत. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. या आरोग्यदूत बाळंतपणाच्या वेळी हजर राहत, पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा घरी जात, बाळाचे वजन करीत, श्वास मोजत, अंग गार आहे का हे पाहत आणि सारे कागदावर लिहून ठेवीत. १९९५-९६ या एका वर्षात त्यांनी ७६३ नवजात बाळांचा पहिला महिना असा नोंदवला. त्यांपैकी ४० बाळे दगावली; म्हणजे हजारी ५२. मृत्यूच्या कारणांची छाननी केली, तेव्हा निम्म्याहून थोडे अधिक मृत्यू जंतुसंसर्ग आणि न्यूमोनिया यांमुळे झाल्याचे आढळले.

येथे एक अडचण होती. संसर्गाचे निदान पक्के करण्यासाठी बाळाचे रक्त प्रयोगशाळेत ठेवून त्यात जीवाणू वाढतात का, हे पाहावे लागते. झोपडीत हे कसे जमणार? म्हणून संशोधकांनी नोंदींचा अभ्यास करून काही बाह्य लक्षणे निश्चित केली. दूध ओढणे कमी होणे, रडणे क्षीण होणे, अंग गार लागणे, पोट फुगणे यांसारख्या ठराविक लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली, तर संसर्ग समजून उपचार करावेत, असा नियम त्यातून तयार झाला. अशा नियमात काही निरोगी बाळेही आजारी ठरतात. मात्र खरोखर आजारी असलेले बाळ निसटून जाण्यापेक्षा ही चूक पत्करणे परवडते.

मोजणीपाठोपाठ उपचार आले. आरोग्यदूत घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देऊ लागल्या. उपचारांपूर्वी संसर्ग झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत असत. उपचारांनंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. १९९३ ते १९९५ या काळात या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ होता. तो १९९७-९८ मध्ये २५.५ झाला. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत मात्र तो साठाच्या आसपासच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

परंतु प्रत्येक गावात अशी मोजणी करणे शक्य नसते. अशा ठिकाणी संख्याशास्त्रीय प्रारूप उपयोगी पडते. प्रारूप म्हणजे थोड्या ठिकाणच्या खात्रीच्या नोंदींवरून मोठ्या प्रदेशाचा अंदाज बांधणारी गणिती मांडणी. निरनिराळ्या अभ्यासांतील प्रमाणे त्यात एकत्र केली जातात. अधिक बाळे पाहिलेल्या अभ्यासाला अधिक वजन मिळते. मात्र ठिकाणाठिकाणांत खराखुरा फरक असतो, हेही गृहीत धरले जाते. अशा प्रकारे आलेले प्रमाण त्या प्रदेशातील एकूण जन्मांना लावले की रोगभाराचा अंदाज मिळतो.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात २२ पाहण्यांतील सुमारे २ लाख ६० हजार नवजातांची माहिती एकत्र केली होती. २०१२ या वर्षी दक्षिण आशिया, सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका येथे मिळून सुमारे ६९ लाख नवजातांना गंभीर जीवाणू संसर्गाची शक्यता असलेला आजार झाला असावा, असे त्यातून निघाले. यांपैकी सुमारे ३५ लाख बाळे एकट्या दक्षिण आशियातील होती. या आकड्यासोबत आणखी दोन आकडे छापले होते : ५५ लाख आणि ८३ लाख. खरी संख्या बहुधा या दोहोंच्या दरम्यान असावी, असा त्यांचा अर्थ. ही कक्षा सांगणे म्हणजे अभ्यासाची दुर्बलता नव्हे. ती त्याची सचोटी आहे. नोंदी जितक्या विरळ, तितकी ही कक्षा रुंद होते.

'शक्यता असलेला' हे शब्दही महत्त्वाचे आहेत. भारत, बांगलादेश आणि पाकिस्तान येथील ६३ हजारांहून अधिक बाळांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील वेल्लूर आणि ओडिशा ही ठिकाणे त्यात होती. लक्षणांवरून संसर्ग मानलेल्या प्रसंगांपैकी केवळ २८ टक्के प्रसंगांत नेमका रोगजंतू सांगता आला. त्यांतही १६ टक्के जीवाणू आणि १२ टक्के विषाणू निघाले. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत आणि त्यांचा अनावश्यक वापर झाला, तर जीवाणू त्यांना दाद देईनासे होतात. म्हणजे रोगभार कमी मोजला तर बाळे उपचारांवाचून जातात आणि ढोबळपणे अधिक मोजला तर औषधच निकामी होऊ लागते. अंदाज अचूक असावा असा आग्रह धरायचा तो यासाठी.

गडचिरोलीतील अनुभव पुढे देशभर पोहोचला. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा कार्यक्रम आखला. त्यानुसार आशा कार्यकर्ती पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा, आणि बाळंतपण घरी झाले असल्यास सात वेळा, बाळाला भेटते. नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतातील नवजात मृत्युदर २००५ मध्ये हजारी ३७ होता. तो २०२० मध्ये २० झाला. या घटीमागे रुग्णालयातील बाळंतपणांची वाढ, लसीकरण अशी अनेक कारणे आहेत. घरोघरीच्या या भेटी हे त्यांपैकी एक.

संगणकावरील प्रारूप कितीही कुशल असले, तरी न पाहिलेले बाळ त्याला दिसत नाही. त्याची सुरुवात कोणीतरी दारात येऊन, बाळाच्या पायाला हात लावून, 'अंग गार आहे' असे तक्त्यात लिहिण्यापासून होते. त्या तक्त्यात नावाच्या रकान्यात पुष्कळदा फक्त आईचे नाव असते, कारण बारसे अजून व्हायचे असते. तरीही ती ओळ लिहिली जाते आणि ते बाळ मोजले जाते.