औषध गाठीतच उघडणार, तेही प्रकाशाने! कॅन्सरवरचं हे ‘नॅनो’ तंत्र नेमकं काय आहे?

केमोथेरपी सुरू झाली की केस गळतात, तोंड येतं, उलट्या होतात. कारण शिरेतून दिलेलं औषध शरीरभर फिरतं आणि वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतं. मग त्या कॅन्सरच्या असोत की केसांच्या मुळांच्या. औषध फक्त गाठीत उघडता आलं तर? त्यासाठीच शास्त्रज्ञ प्रकाशाचा स्विच वापरून पाहत आहेत.

हे कण काम कसं करतात?
१ नॅनोमीटर म्हणजे १ मिलिमीटरचा १० लाखावा भाग. औषध भरलेले कण साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपास असतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, गळक्या असतात. त्यातून कण गाठीत झिरपतात. कणात सोनं असेल तर निअर इन्फ्रारेड प्रकाशाने ते तापतं, आवरण सैल होतं आणि औषध बाहेर पडतं. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो, तसाच हा न दिसणारा प्रकाश.

माणसांवर वापर झालाय?
अमेरिकेच्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट यांनी सोन्याचं कवच असलेले सिलिकाचे कण विकसित केले. प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. १५ जणांवर उपचार पूर्ण झाले. मात्र यात औषध नव्हतं; लेझरने कण तापवून गाठ जाळली गेली. प्रकाशाने औषध सोडण्याचे प्रयोग अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच सुरू आहेत.

घोडं अडतं कुठे?
हा प्रकाश शरीरात फार खोल जात नाही. आतल्या गाठीपर्यंत तो ऑप्टिकल फायबरने न्यावा लागतो. कॅन्सर अनेक ठिकाणी पसरला असेल, तर सगळीकडे प्रकाश टाकणं कठीण. शिवाय २०१६च्या एका आढाव्यानुसार, दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचतात साधारण ०.७ टक्केच. बरेचसे यकृत आणि प्लीहेत अडकतात.

रुग्णांनी काय लक्षात ठेवायचं?
‘डॉक्सिल’सारखी नॅनो औषधं १९९५पासून वापरात आहेत, त्यांना प्रकाश लागत नाही. पण ‘नॅनो’च्या नावाने फिरणारे चमत्काराचे मेसेज वाचून सुरू असलेली केमो थांबवू नका. कुणी ‘नवी चाचणी’ सुचवली, तर ‘सीटीआरआय’ या सरकारी वेबसाइटवर तिची नोंद आहे का, ते पाहा. ही माहिती मोफत मिळते. निर्णय मात्र तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.