माहिती चौकट : धर्मादाय नेत्ररुग्णालय

अमरावती जिल्ह्यातले उदाहरण
धारणी मेळघाटच्या डोंगरात. तिथे उतावलीला 'महान' संस्थेचे महात्मा गांधी आदिवासी रुग्णालय आहे. नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव तिथे आदिवासी रुग्णांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करतात.

अंधत्व म्हणजे
चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी. २०१७ पूर्वी भारतात ही मर्यादा ६/६० होती. त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

मोतीबिंदू आणि काचबिंदू
• २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे. शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते.
• काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. नुसते शिबिर पुरत नाही. डोळ्यांचा दाब मोजणारी नियमित तपासणी जवळ हवी.

कायदा
• रुग्णालय चालवणाऱ्या न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, १९५० च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली.
• १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत.

किती लोकांमागे काय?
हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेची रचना : ५० हजारांमागे एक दृष्टिकेंद्र, ५ लाखांमागे शस्त्रक्रियेची सोय असलेले केंद्र.

खर्च
मदुराईचे अरविंद नेत्ररुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झाले. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून गरिबांचे उपचार होतात.

नेत्रदान
मृत्यूनंतर सुमारे ६ तासांच्या आत. पंधरवडा : २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर.